सॅम बोवीचं काय चुकलं?

ऑफिसात सिस्टिम कोसळली की दुसऱ्या दिवशी सगळेच शहाणे होतात. "हे तर दिसतच होतं!" बास्केटबॉलमध्ये असलं शहाणपण गेली चाळीस वर्षं एका माणसाच्या वाट्याला येतंय. सॅम बोवी.

१९८४चा एनबीए ड्राफ्ट. नाणेफेकीत पहिला नंबर ह्यूस्टनला गेला, त्यांनी हकीम ओलाजुवान उचलला. दुसरा पोर्टलंडचा. त्यांनी केंटकी विद्यापीठाचा सात फूट एक इंची बोवी घेतला. आणि तिसऱ्या नंबरावर शिकागोला मिळाला... मायकेल जॉर्डन!

पोर्टलंडवाले वेडे होते का? अजिबात नाही. त्यांचं एकमेव विजेतेपद १९७७चं, तेही बिल वॉल्टन या सेंटरच्या जिवावर. जॉर्डनच्या जागेवर खेळायला जिम पॅक्सन आणि क्लाइड ड्रेक्सलर होतेच. हवा होता उंच माणूस. गणित चोख! फक्त नडगीच्या दुखण्यामुळे बोवी कॉलेजात दोन सीझन बसून होता, आणि वॉल्टनलाही पायांनीच दगा दिला होता, हे कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

बोवी पोर्टलंडकडून पाच सीझनमध्ये जेमतेम १३९ सामने खेळला.

२००७ मध्ये पुन्हा तेच. केव्हिन ड्युरांट सोडून सात फुटी ग्रेग ओडन. गुडघ्यांनी घात केला. पोर्टलंडसाठी एकूण सामने ८२. म्हणजे एका सीझनचे!

तरीही बोवी १९९५पर्यंत लीगमध्ये खेळत राहिला. निवड त्याने केली नव्हती, दुखणं त्याने मागितलं नव्हतं. चुकला असेल तर निवडणारा. पण नाव मात्र लक्षात राहिलं बोवीचं.

असो. सोमवारी आमच्याकडेही इंटरव्ह्यू आहेत.