काजूला ठिबक आणि पाचोळा : पाणी कधी, किती, कुठं?

खानापूर, चंदगड, दोडामार्ग, सत्तरी या पट्ट्यात काजू हे पावसावरचंच पीक मानलं जातं. पण पाऊस ऑक्टोबरात संपतो आणि बी भरते ती फेब्रुवारीपासून पुढे. मधले महिने झाड जमिनीतल्या ओलीवर काढतं. ओल तुटली की मोहोर करपतो, कोवळ्या बिया गळतात, उरलेल्या बारीक राहतात.

कधी? : पावसाळा संपल्या संपल्या पाणी सोडू नये. कोरडा काळ मिळाला की झाड मोहोरतं. आधीच पाणी मिळालं तर पालवीच फुटत राहते. मोहोर दिसू लागल्यावर सुरू करून बी भरेपर्यंत चालू ठेवावं.

किती? : मोठ्या झाडाला दर चार दिवसांनी ६० ते ८० लिटर. ७ बाय ७ मीटरवर लावलेल्या बागेत एकरी सुमारे ८० झाडं बसतात, म्हणजे एका पाळीला ४,८०० ते ६,४०० लिटर. ताशी ८ लिटरचे चार ड्रिपर दोन तास चालवले की झाडाला ६४ लिटर मिळतात.

कुठं? : ड्रिपर बुंध्याशी नकोत. बुंध्यापासून सुमारे दीड मीटरवर गोलाकार ठेवावेत.

पाचोळा : जमीन ओली असतानाच वाळलेली पानं, गवत किंवा भाताचा पेंढा चार बोटं जाड पसरावा. बुंध्याभोवती हातभर जागा मोकळी ठेवावी, नाहीतर खोड पोखरणारी अळी लवकर दिसत नाही. बिया वेचायला सोपं जावं म्हणून बरेच जण झाडाखालचा पाचोळा पेटवतात. त्यात ओल तर जातेच, वरची मुळंही भाजतात. वेचणी सुरू झाल्यावर तो दाताळ्यानं बाजूला ओढावा. वणव्याची भीती असल्यास बांधालगतचा दोन-तीन मीटरचा पट्टा साफ ठेवावा.

अनुदान : केंद्राच्या ठिबक योजनेत ठरलेल्या खर्चाच्या ५५ टक्के अल्प व अत्यल्प भूधारकांना, ४५ टक्के इतरांना, राज्यं त्यात आपली भर घालतात. घर बेळगावात आणि बाग चंदगडात असेल तर अर्ज जमीन असलेल्या राज्यात करावा लागतो. महाराष्ट्रात सातबारा घेऊन तालुका कृषी कार्यालयात, कर्नाटकात उतारा घेऊन बागायत खात्यात, गोव्यात एक-चौदाचा उतारा घेऊन विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करावी.

विहीर-बोअर नसेल त्यांनी निदान पाचोळा तरी जाळू नये. त्याला पैसा लागत नाही.