वर्गीकरणक्षमता, बालकांतील
वस्तूंमधील साम्य-भेद ओळखून त्यांचे गट पाडण्याची व त्या गटांना नावे देण्याची, शैशवापासून विकसित होणारी बोधनिक क्षमता. तिचे मूळ भाषेच्याही आधीचे आहे : ३-४ महिन्यांची अर्भके चित्रांतील मांजरे व कुत्री यांत भेद करतात (→ अर्भकावस्था). बोलू लागल्यावर नावांची व्याप्ती प्रथम सैल असते. ‘भूभू’ हा शब्द गाय-शेळीलाही लावला जातो. एलिनॉर रॉश व सहकाऱ्यांनी (१९७६) दाखविल्यानुसार ‘खुर्ची’सारखी मधल्या पातळीवरील नावे ‘फर्निचर’ किंवा ‘आरामखुर्ची’ यांच्या आधी येतात. नव्या नामाचा विस्तार मुले बहुधा आकारावरून करतात. रंग व पोत गौण ठरतात (→ भाषासंपादन).

वर्गसमावेशन, म्हणजे उपवर्ग मोठ्या वर्गात सामावलेला असतो ही जाण, उशिरा साधते. झां पियाजे यांच्या प्रयोगात सर्व मणी लाकडी, त्यांतील बहुतेक तपकिरी व थोडे पांढरे होते. ‘लाकडी मणी जास्त की तपकिरी?’ असे विचारता साधारणतः सात वर्षांखालील मुले ‘तपकिरी’ म्हणत (→ पियाजे, झां). हे उत्तर अंशतः प्रश्नाच्या शब्दरचनेमुळे येते, असे पुढील संशोधनात आढळले. वर्गनामामुळे अनुमान शक्य होते : चार वर्षांची मुले दिसण्यापेक्षा नावावर विसंबून एका प्राण्याचा गुणधर्म दुसऱ्यास लावतात (→ संकल्पना).