हेमाडपंती

खानदेशातल्या साक्री तालुक्यात बळसाण्याची जुनी देवळं आहेत. ती दाखवताना ‘हेमाडपंती’ हा शब्द आपसूक तोंडी येतो: चुना न वापरता, खाचा पाडून एकात एक बसवलेले दगड. या पद्धतीचा जनक मात्र दंतकथेतला. तेराव्या शतकातला यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे दप्तराचा प्रमुख, हेमाद्री खरा. पण विभीषणाला बरं करणारा, लंकेहून मोडी लिपी आणणारा, वर बाजरीही रुजवणारा हेमाडपंत लोकांनीच घडवला. याच पद्धतीचं म्हणून ओळखलं जाणारं अंबरनाथचं देऊळ १०६० सालचं, म्हणजे पंतांच्या दोनशे वर्षं आधीचं. हेमाद्रीने देवळं बांधवली तर असतील ना, असं कुणी म्हणेल. असतील, पण त्याने पद्धत शोधली असं ठरत नाही. त्याचा गाजलेला ग्रंथ ‘चतुर्वर्गचिंतामणी’, तोही धर्मशास्त्रावरचा.