दाण्याचा आकार आणि जनुकांचा नकाशा

मूठभर तांदूळ तळहातावर घेतले की कोणता दाणा लांब आणि कोणता आखूड, हे तत्काळ कळते. परंतु हा भेद वनस्पतीच्या देहात नेमका कोठे नोंदलेला असतो, हे कळण्यास फार काळ जावा लागला.

मेंडेलच्या वाटाण्यात गोल आणि सुरकुतलेला असे दोनच पक्ष होते. दाण्याच्या वजनाचे तसे नाही. तेथे लहानापासून मोठ्यापर्यंत अखंड श्रेणी लागते. अनेक जनुकांचा वाटा आणि जमीन-पाण्याचा प्रभाव तीत मिसळलेला असतो. या गुंत्याचे एक टोक १९२३ साली अमेरिकन शास्त्रज्ञ कार्ल सॅक्स यांच्या हाती लागले. त्यांनी घेवड्याच्या टपोऱ्या, रंगीत बियांच्या वाणाचा लहान, पांढऱ्या बियांच्या वाणाशी संकर केला. दुसऱ्या पिढीत ज्या झाडांना रंगाचे जनुक दोन्हीकडून मिळाले, त्यांच्या बीचे सरासरी वजन ३०७ मिलिग्रॅम भरले. एकाच बाजूने मिळाले त्यांचे २८३, आणि मुळीच न मिळाले त्यांचे २६४. रंगामुळे वजन वाढते असे नव्हे. वजनाचे जनुक रंगाच्या जनुकाशेजारी एकाच गुणसूत्रावर असावे, असे यावरून अनुमान निघाले. दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणाऱ्याचा ठाव घेण्याची ही रीत होती.

मात्र अशा खुणा थोड्या होत्या. पुढे डी.एन.ए.मधील सूक्ष्म भेदच खुणा म्हणून वापरता येऊ लागले आणि १९८८ साली भाताचा तसा नकाशा प्रसिद्ध झाला. २००६ साली चीनमधील वूहान येथील संशोधकांनी तिसऱ्या गुणसूत्रावरील ‘जीएस ३’ हे जनुक निश्चित केले. लांब दाण्याच्या वाणांत त्याचे एकच अक्षर पालटलेले आढळले. तेवढ्याने त्याचे प्रथिन अपुरे राहते. २००७ साली दुसऱ्या गुणसूत्रावरील ‘जीडब्ल्यू २’ सापडले. त्यातील एक अक्षर गळाले की दाणा रुंद होतो. ही दोन्ही जनुके दाणा वाढवीत नाहीत, आवरतात. लगाम तुटला, म्हणून दाणा मोठा झाला.

आज कोवळ्या रोपाच्या पानावरून असा बदल ओळखता येतो. ओंबीची वाट पाहावी लागत नाही. परंतु हे न्यून गुण म्हणून हेरणारे, ते बियाणे राखून पुन्हा पेरणारे डोळे निनावी शेतकऱ्यांचे होते. प्रयोगशाळेने त्यांच्या निवडीचा पत्ता शोधला. निवड त्यांनी आधीच केली होती.