वेडा की मस्त? राहुरीच्या आश्रमातील मनोवस्थांच्या नोंदी आणि त्यांचे ऐतिहासिक मूल्य

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याच्या धार्मिक इतिहासात असामान्य मनोवस्थांचे उल्लेख वारंवार आढळतात. शिरडीत आलेल्या साईबाबांना गावकऱ्यांनी आरंभी वेडा फकीरच समजले होते. महानुभाव परंपरेत रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंच्या चरित्रातही वेडसर वागणे आणि ईश्वरत्व यांची अशीच सरमिसळ दिसते. 'देवपिसा' हा शब्द मराठीत उगीच रुळलेला नाही. तथापि, अशा व्यक्तींच्या अवस्थांची वर्गवारी करून ती लिहून ठेवण्याचा प्रयत्न या जिल्ह्यात विसाव्या शतकात झाला, तो मेहेरबाबांच्या परिवारात.

मेहेरबाबा (१८९४–१९६९), मूळ नाव मेरवान शेरियार इराणी, हे पुण्याचे. विद्यार्थिदशेत त्यांचा हजरत बाबाजान यांच्याशी संबंध आला. त्यानंतर १९१४ मध्ये त्यांचे बाह्य जगाचे भान कित्येक महिने हरपले होते, असे त्यांची चरित्रे सांगतात. घरच्यांनी साहजिकच त्यांना डॉक्टरांना दाखवले. पुढे साकोरीच्या उपासनी महाराजांच्या सहवासात ते भान पूर्ववत झाले, अशी अनुयायांची धारणा आहे. पुढील काळात वेडा कोण आणि मस्त कोण हे ठरवणारा माणूस एकेकाळी स्वतःच वेडा समजला गेला होता, ही बाब नजरेआड करता येत नाही.

१९३६ मध्ये त्यांनी राहुरी येथे वेड्यांसाठी आश्रम काढला. तेथील लोकांना अंघोळ घालणे, जेवू घालणे ही कामे ते स्वतः करीत. १० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन धरले होते, त्यामुळे हा सारा व्यवहार खुणा आणि अक्षरफलक यांच्या आधारे चाले. त्या काळी १९१२ चा इंडियन ल्यूनसी ॲक्ट लागू होता. कायद्याच्या दृष्टीने माणूस शहाणा तरी असे किंवा वेडा तरी. राहुरीत मात्र तिसरा वर्ग मानला गेला, तो 'मस्त', म्हणजे ईश्वरप्रेमात भान हरपलेला. (मराठीतील रोजच्या वापरातला 'मस्त' वेगळा.) त्यातही तापट तो जलाली, सौम्य तो जमाली, असे पोटभेद केले गेले.

या वर्गवारीचे मुख्य साधन म्हणजे ब्रिटिश डॉक्टर विल्यम डंकिन यांचा 'द वेफेअरर्स' (१९४८) हा ग्रंथ. मेहेरबाबांनी भारतभर शोधलेल्या मस्तांची स्थळवार नोंद त्यात आहे. पोशाख, बसण्याची जागा, सवयी असे तपशील इतके बारीक आहेत की, रस्त्यावर राहणाऱ्या निराधारांच्या इतिहासासाठीही तो उपयोगी पडावा. परंतु एका मर्यादेची जाणीव ठेवावी लागते. काही नोंदी डंकिन यांनी प्रत्यक्ष न पाहता सोबत्यांच्या सांगण्यावरून केल्या आहेत. शिवाय वेडा आणि मस्त यांच्यातील फरक बाह्य लक्षणांवर ठरत नसे. अंतिम निर्णय मेहेरबाबांचा असे. लक्षणे सारखी, कारण वेगळे, आणि ते कारण त्रयस्थाला दिसणारे नव्हे. वैद्यकशास्त्र शिकलेल्या लेखकाने निदानाचा अधिकार असा दुसऱ्याच्या हाती सोपवणे हे या ग्रंथाचे सर्वांत विलक्षण अंग होय.

हाच निकष तीन दशकांनी वेगळ्या संदर्भात पुढे आला. अमेरिकेत एलएसडीच्या प्रयोगांनी विद्यापीठीय मानसशास्त्रज्ञांनाही भुरळ घातली होती. त्यांपैकी काहींनी मेहेरबाबांकडे विचारणा केली. त्यांची उत्तरे १९६६ मध्ये 'गॉड इन अ पिल?' या पुस्तिकेत आली. असे अनुभव शारीरिक, मानसिक व आध्यात्मिक अशा तिन्ही दृष्टींनी घातक आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. भान हरपलेल्यांचा शोध घेणाऱ्या व्यक्तीने भान हरपवणारे औषध नाकारावे, यात वरवर विसंगती वाटते. पण अवस्थेपेक्षा तिच्या उगमाला महत्त्व देण्याची राहुरीतील भूमिका पाहता ती उरत नाही.

मात्र एक उणीव कायम राहते. ज्यांना मस्त किंवा वेडे ठरवण्यात आले, त्यांचे स्वतःच्या अवस्थेविषयीचे कथन या नोंदींत क्वचितच सापडते.