पोपच्या जागी ज्युपिटर : टॅरोच्या पानांची कहाणी

नागपूरच्या सदर भागातील आमच्या परिचयाच्या एका कॅथॉलिक कुटुंबात मध्यंतरी एक वाद झाला. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने टॅरोच्या पत्त्यांचा संच मागविला. पोप, सैतान, अंतिम न्याय अशी चित्रे असलेला नेहमीचा संच तिला नको होता, म्हणून तिने मुद्दाम युरोपातील ख्रिस्तपूर्व देवता, ऋतू आणि वृक्षवेली यांची चित्रे असलेला संच निवडला. तिचे म्हणणे असे, की ही पाने ख्रिस्ती धर्माहून पुरातन आहेत, चर्चने मागाहून त्यांवर आपली चित्रे चढविली, ती दूर सारली की मूळचे ज्ञान हाती लागते. आईचे म्हणणे याच्या नेमके उलट होते. घ्यायचाच होता, तर निदान आपल्या धर्माची चित्रे असलेला संच तरी घ्यायचा! दोघींचेही मत प्रामाणिक होते. परंतु इतिहास दोघींच्याही बाजूने उभा राहत नाही.

टॅरोचा जन्म मंदिरात झाला नाही, तसा मठातही झाला नाही. तो झाला 15व्या शतकात उत्तर इटलीतील सरदारांच्या दिवाणखान्यात. मिलानच्या व्हिस्कोंती व स्फोर्झा घराण्यांसाठी रंगविलेली, सोन्याचा वर्ख दिलेली पाने आजही संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत. नेहमीच्या चार रंगांच्या 56 पानांना 22 चित्रांची जोड दिली, की 78 पानांचा संच होई. ही 22 पाने म्हणजे खेळातली हुकुमाची पाने होत. भविष्यकथनाशी त्यांचा संबंध नव्हता. फ्रान्समध्ये तर टॅरो हा आजही घरोघरी खेळला जाणारा पत्त्यांचा खेळ आहे.

आता ही 22 चित्रे ख्रिस्ती होती काय? त्यांत पोप आहे, संन्यासी आहे, सैतान आहे, कर्णा फुंकणारा देवदूत आणि थडग्यांतून उठणारे मृत आहेत. न्याय, धैर्य आणि संयम हे सद्‌गुणही आहेत. परंतु त्याच रांगेत प्रेमिकांवर बाण रोखणारा क्युपिड आहे आणि दैवचक्रही आहे. हे चक्र रोमन देवता फोर्तुना हिचे. 6व्या शतकात बोएथियस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने कारागृहात लिहिलेल्या ग्रंथातून ते मध्ययुगीन ख्रिस्ती मनात रुजले होते. म्हणजे ज्याला आज ‘ख्रिस्ती’ संच म्हटले जाते, त्यात ख्रिस्तपूर्व देवता आरंभापासूनच नांदत होत्या. त्या काळच्या माणसाच्या डोळ्यांसमोर जे जग होते, ते सगळे पानांवर उतरले, इतकेच.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. पोपचे चित्र काढून तेथे रोमन देव बसविण्याचे काम 18व्या शतकातच झाले होते. फ्रान्सच्या पूर्व सीमेवर आणि स्वित्झर्लंडमध्ये प्रचलित असलेल्या, पुढे बझाँसाँ या गावाच्या नावाने ओळखल्या गेलेल्या संचात पोपच्या जागी ज्युपिटर आणि ‘स्त्री पोप’च्या जागी जुनो आली. बेल्जियमकडील संचात पोपच्या जागी मद्यदेव बॅकस पिंपावर बसला. हे चर्चविरोधी बंड होते काय? अभ्यासकांना तसे वाटत नाही. डाव टाकताना परमगुरुस्वामींचे चित्र टेबलावर आपटले जावे, हे कॅथॉलिक खेळाडूंना रुचणारे नव्हते, असेच कारण त्यांना संभवनीय वाटते. म्हणजे देवतांना पत्त्यांत आणले ते चर्चला नाकारण्यासाठी नव्हे, तर बहुधा चर्चचा मान राखण्यासाठी!

बोलोन्या शहरातील प्रसंग तर नोंदींतून पक्का आहे. हे शहर पोपच्या सत्तेखाली होते. 1725 साली मोन्तिएरी नावाच्या एका धर्मगुरूने भूगोलाची माहिती असलेला पत्त्यांचा संच छापला व त्यात बोलोन्याचा कारभार ‘मिश्र’ असल्याचे नमूद केले. पोपचे प्रतिनिधी कार्डिनल रुफ्फो यांना ते खपले नाही. धर्मगुरूस अटक झाली. प्रकरण मिटले ते एका तडजोडीने : पोप व सम्राट यांची चार पाने जाऊन त्यांच्या जागी चार ‘मूर’ आले. खेळाचे नियम मात्र तसेच राहिले. चित्र बदलले म्हणून खेळ बदलला नाही.

असाच बदल आपल्या महाराष्ट्रातही झाला. मोगलांबरोबर आलेल्या गंजिफाच्या संचात आठ रंगांची 96 गोल पाने असत व त्यांवर ताज, तलवार, गुलाम अशी दरबारी चिन्हे असत. सावंतवाडीच्या चितारी कलावंतांनी रंगविलेल्या दशावतारी गंजिफात मात्र मत्स्य, कूर्म, राम, कृष्ण असे दहा रंग होऊन पाने 120 झाली. मोगल खेळात दिवसा एक रंग व रात्री दुसरा रंग डाव सुरू करी, तोच मान येथे दिवसा रामाला व रात्री कृष्णाला मिळाला. या पानांवर प्रत्यक्ष अवतार असूनही लोक ती खेळतच राहिले.

मग टॅरो ‘प्राचीन ज्ञान’ केव्हा झाला? 1781 साली पॅरिसमध्ये कूर द जेबलँ या लेखकाने जाहीर केले, की ही पाने म्हणजे इजिप्तच्या पुरोहितांचा गुप्त ग्रंथ होय. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती. शाम्पोलियोंने तिचा उलगडा 1822 साली केला, आणि जेबलँच्या कल्पनेला त्यातून काहीच आधार मिळाला नाही. परंतु दरम्यान एत्तेला या टोपणनावाच्या गृहस्थाने टॅरोवरून भविष्य सांगण्याची पद्धत छापून प्रसिद्ध केली होती. आज सर्वत्र दिसणारा संच 1909 साली लंडनमध्ये निघाला. त्याची चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढली. याच बाईंनी 1911 साली कॅथॉलिक धर्म स्वीकारला व पुढे कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर धर्मगुरूंसाठी विश्रांतिगृह चालविले. टॅरोचा हा सगळा इतिहास धुंडाळून 1980 साली ग्रंथरूपाने मांडणारे ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट हेही श्रद्धावान कॅथॉलिक होते. इजिप्तची दंतकथा त्यांनी पुराव्यानिशी खोडून काढली, आणि खेळावर मनापासून प्रेम केले.

आपल्या सदरच्या कॅथीड्रलचे आश्रयदाते संत फ्रान्सिस द सेल्स हे सॅव्हॉय प्रांताचे. ज्या मिशनरींनी नागपूरला धर्मकार्य उभारले, तेही त्याच प्रांतातील आन्सी गावाहून आले. सॅव्हॉय व पिडमाँट हे तर टॅरो खेळणारे प्रदेश. 1609 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भक्तिजीवनावरील ग्रंथात या संताने खेळांसाठी स्वतंत्र प्रकरणे लिहिली आहेत. ज्या खेळात बुद्धी व कौशल्य लागते, तो त्यांनी योग्य ठरविला. पत्ते व फासे यांना मात्र दोष दिला, कारण तेथे लाभ कौशल्यावर नव्हे, तर योगायोगावर अवलंबून असतो. पानांवर कोणाचे चित्र आहे, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.

आपल्यालाही तोच मार्ग धरावा लागेल. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथाने जन्मकुंडली, हस्तसामुद्रिक, शकुन व चिठ्ठ्यांचे अर्थ लावणे या सर्वांस सारखेच नाकारले आहे. आक्षेप चित्रावर नाही. उद्याचा दिवस आणि आजचा निर्णय आपण पानाच्या स्वाधीन करतो, यावर आहे. म्हणून पोपचे पान हाती आले तर भविष्य पवित्र होत नाही, आणि जुनोचे पान हाती आले तर ते पुरातनही होत नाही.

त्या मुलीला आम्ही हा इतिहास सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग मला जे विचारायचे आहे, ते मी कोणाला विचारू?” परीक्षेची, नोकरीची, लग्नाची धास्ती तिच्या मनात होती आणि ती ऐकून घ्यायला घरात कोणाला सवड नव्हती. पत्त्यांचा तो संच घरात येण्याआधीच हा प्रश्न तेथे होता. त्याचे उत्तर इतिहासाकडे नाही. ते आपल्या कुटुंबांनी आणि धर्मग्रामाने द्यायचे आहे.