हुंडणावळ आणि देशत्याग : पॅरिसमधील अमेरिकन लेखक (१९२१–१९३४)

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतील अनेक तरुण लेखक पॅरिसला जाऊन राहिले. त्यांच्या देशत्यागाची मीमांसा करताना वाङ्मयेतिहासकारांनी मायदेशातील व्यापारी वृत्ती, १९२० ची दारूबंदी आणि ग्रंथांवरील खटले ह्या कारणांवर भर दिला आहे. ही कारणे खोटी नव्हेत. जॉइसच्या 'युलिसीझ'मधील भाग छापल्याबद्दल 'लिटल रिव्ह्यू'च्या संपादिकांना १९२१ साली न्यूयॉर्कमध्ये दंड झाला होता. परंतु मद्य लंडनलाही मिळत होते आणि भाषाही तेथे आपलीच होती. मग हा ओघ पॅरिसकडेच का वळला? ह्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी हुंडणावळीच्या दरात सापडते.

युद्धापूर्वी एका डॉलरला सुमारे ५.१८ फ्रँक मिळत. १९१९ च्या वसंतात दोस्तराष्ट्रांचा आधार निघताच फ्रँक घसरू लागला. १९२२ मध्ये डॉलरचा भाव १२ फ्रँकांच्या आसपास होता व जुलै १९२६ मध्ये तो ५० च्या जवळ पोहोचला. फ्रान्समधील किमतीही वाढत होत्या, पण हुंडणावळीच्या मागून. ह्या दोहोंतील अंतरावरच परदेशी लेखक जगत होता. स्टर्लिंगची घसरण एवढी खोल नसल्याने लंडनमध्ये ही सोय नव्हती.

डिसेंबर १९२१ मध्ये हेमिंग्वे पॅरिसला आला तो 'टोरांटो स्टार' ह्या वृत्तपत्राचा बातमीदार म्हणून. फेब्रुवारी १९२२ मध्ये त्याने त्याच पत्रात पॅरिसमध्ये वर्षाला १,००० डॉलरांत कसे राहता येते ह्यावर लेख लिहिला. तो लेख म्हणजे एका परीने हुंडणावळीचे कोष्टकच होय. मृत्यूनंतर १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आठवणींत ह्याच काळातील दारिद्र्याचे मोठे रम्य चित्र आहे. त्या चित्रात त्याच्या पत्नीला वारसाहक्काने मिळणारे वर्षाचे सुमारे ३,००० डॉलर फारसे दिसत नाहीत. स्वतंत्र लेखन म्हणून जे ओळखले गेले त्याचा पाया बहुधा असाच होता : वृत्तपत्राचे मानधन, शिष्यवृत्ती किंवा घरून येणारी हुंडी. मिळकत डॉलरांत व खर्च फ्रँकांत, हे त्या स्वातंत्र्याचे सूत्र. ते ज्याला पाळता आले नाही त्याला हुंडणावळीनेही तारले नाही. मे १९२४ मध्ये फिट्झजेरल्ड ७,००० डॉलर घेऊन काटकसरीसाठी रिव्हिएराला गेला व ते सारे खर्चून बसला. त्यावरही त्याने एक विनोदी लेख लिहून पैसे मिळविले! 'द ग्रेट गॅट्सबी'चा बराचसा भाग मात्र त्याच उन्हाळ्यात सिद्ध झाला.

स्वस्ताई केवळ घरभाड्यापुरती नव्हती. छपाईही स्वस्त होती. दिजों येथील मुद्रक मोरिस दारांतिएर ह्याच्या छापखान्यात १९२२ मध्ये 'युलिसीझ'च्या १,००० प्रती निघाल्या, आणि १९२३ मध्ये हेमिंग्वेचे पहिले पुस्तक तेथेच ३०० प्रतींपुरते छापले गेले. एवढ्या लहान आवृत्तीचा खर्च न्यूयॉर्कच्या प्रकाशकाने सोसला असता असे वाटत नाही.

नियतकालिकांचा प्रवास ह्याहून बोलका आहे. हॅरल्ड लोबने काढलेले 'ब्रूम' नोव्हेंबर १९२१ मध्ये रोमला सुरू झाले आणि पुढील वर्षी मार्क कोसळू लागताच बर्लिनला गेले. त्याचा सहसंपादक मॅथ्यू जोसेफसन तेथे महिना १०० डॉलरांत दोन मोलकरणींसह दुमजली बिऱ्हाडात राहत असे, अशी नोंद त्याचा मित्र माल्कम काउली ह्याने करून ठेवली आहे. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४ लक्ष २० हजार कोटी मार्क पडू लागले. तेथील पेन्शनरांची आणि अध्यापकांची आयुष्यभराची पुंजी ज्या घसरणीत नाहीशी झाली, तिच्यावरच परक्यांचे हे वैभव उभे होते. काउलीला ह्याची बोच होती; सर्वांनाच ती होती असे म्हणवत नाही. पॅरिसमध्येही जुलै १९२६ मध्ये परदेशी प्रवाशांच्या मोटारगाड्यांभोवती संतप्त जमाव जमले. फ्रेंच गृहस्थाच्या दृष्टीने लेखक आणि सहल करणारा ह्यांत भेद नव्हता, आणि हुंडणावळीच्या दृष्टीने तो नव्हताच.

त्याच महिन्यात प्वँकारे सत्तेवर आला. वर्षअखेरीस डॉलर २५ फ्रँकांवर आला व जून १९२८ च्या कायद्याने तो भाव कायम झाला. १९२९ च्या शेअरबाजारातील कोसळीने घरून येणाऱ्या हुंड्या आटल्या. १९३३ मध्ये अमेरिकेने सुवर्णबंध तोडल्यावर डॉलरला १५ च्या आसपास फ्रँक मिळू लागले. परतीच्या बोटी तत्पूर्वीच भरू लागल्या होत्या. काउलीने आपल्या पिढीचा हा वृत्तान्त १९३४ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. त्याच्या शीर्षकात त्याने वापरलेल्या शब्दाचा अर्थ 'निर्वासित' असा होतो. मराठीत तो शब्द येथे योजणे जड जाते. वनवासाला जाणाऱ्याने नाण्यांचा भाव पाहून अरण्य निवडल्याचे आपल्या परंपरेत ऐकिवात नाही.

हेन्री मिलर मात्र १९३० मध्ये, म्हणजे इतर जण परतू लागले असता, पॅरिसला आला. त्याच्याजवळ घरची हुंडी नव्हती व दराची अनुकूलताही ओसरली होती. त्याने आठवड्याचे सात वार सात मित्रांत वाटून घेतले आणि तो प्रत्येकाकडे एकेका रात्री जेवू लागला. काही काळ त्याने एका अमेरिकन वृत्तपत्राच्या पॅरिस आवृत्तीत मुद्रिते तपासली. त्याची पहिली प्रसिद्ध कादंबरी १९३४ मध्ये पॅरिसलाच निघाली, आणि तो तेथून हलला तो १९३९ मध्ये.